पावलांचा हक्क

संयुक्त राष्ट्रांनी १९९२ पासून ३ डिसेंबर हा दिवस अपंग व्यक्तींच्या नावे केला. कोल्हापूरला या दिवसाचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. कॉलेजच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांना स्वतःही तशाच अवस्थेत असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी उभारी दिली आणि १९८४ मध्ये याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. नसीमादीदींच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’. पाय गेले म्हणून माणूस संपत नाही, हे या शहराने त्यांच्याकडून शिकून घेतले.

आता प्रश्न आहे तो ज्यांचे पाय परत मिळू शकतात त्यांचा. लकवा, मणक्याची दुखापत, मेंदूला झालेली इजा यांत पायांत दोष नसतो. त्यांना हुकूम देणारी वाट तुटलेली असते. मात्र मेंदू शिकणे सोडत नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा, योग्य रीतीने केली, तर उरलेल्या पेशी नवी वाट पाडू शकतात. अडचण आहे ती या ‘पुन्हा पुन्हा’ची. स्वतःचा तोल न सावरणाऱ्या रुग्णाला चालवायला दोन-तीन फिजिओथेरपिस्ट लागतात, आणि थोड्याच पावलांत सगळेच दमतात.

यंत्र मदतीला येते ते इथे. छताकडून आलेला पट्टा रुग्णाचे काही वजन पेलतो, खुबा आणि गुडघ्यापाशी बसवलेल्या मोटारी पाय उचलतात, खाली ट्रेडमिल सरकत राहते. स्वित्झर्लंडमधील ‘लोकोमॅट’ हे यातले सर्वांत परिचित नाव. एका बैठकीत शेकडो पावले पडतात. पक्षाघाताच्या रुग्णांवरील अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा, की फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र असेल तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वाधिक लाभ झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही अशांना दिसतो. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फिजिओथेरपिस्टचा हात आणि नजर यांची जागा मोटार घेत नाही.

ही यंत्रे महाग आहेत, म्हणून ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच असायची, हे मान्य करण्याचे कारण नाही. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव घडवणाऱ्या तिरुवनंतपुरमच्या ‘जेनरोबोटिक्स’ने ‘जी-गेटर’ हे चालायला शिकवणारे यंत्र देशातच बनवले, आणि केरळ सरकारने ते आपल्या सरकारी रुग्णालयात आणले. आपल्याकडे चंदगडचा शेतमजूर शंभरेक किलोमीटर तुडवत कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठतो. त्याचा जीव तिथे वाचतो. पण चालण्याचे प्रशिक्षण रोज, आठवडेच्या आठवडे घ्यायचे म्हटले की एसटीचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी आडवी येते. पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी असल्याचे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. म्हणून सीपीआर आणि शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असे यंत्र यावे. त्याच्यासोबत पुरेसे फिजिओथेरपिस्ट आणि बाहेरगावच्या रुग्णांना राहण्याची सोयही हवी. नाहीतर उद्घाटनाच्या हारासकट ते कोपऱ्यात धूळ खाईल.

यंत्रानेही सगळेच चालू लागणार नाहीत. जे चालू शकणार नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक कचेरीच्या पायरीशेजारी रॅम्प असणे हे तितकेच निकडीचे काम आहे.

यंत्र येईल तेव्हा येईल. घराघरांतून एक गोष्ट आजच करता येईल. लकवा झालेल्या माणसाला ‘आता पडून राहू दे’ म्हणत तेल-मालिश आणि झाडपाल्यावर महिने घालवू नका. डॉक्टरांनी परवानगी देताच फिजिओथेरपिस्ट गाठा. पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे आहेत, आणि ते परत येत नाहीत.