ऊन सर्वांचे, छत कोणाचे?



वैशाखात आपल्या भागातल्या कोणत्याही गच्चीवर नजर टाका. एका कोपऱ्यात जुन्या लुगड्यावर कुरडया, सरगुंडे, मूगवड्या आणि भिवापुरी मिरच्या वाळत घातलेल्या असतात. अलीकडे दुसऱ्या कोपऱ्यात निळसर-काळ्या काचेचे सौर पॅनलही दिसू लागले आहेत. दोन्हींना लागते ते एकच ऊन. पण पहिल्याला आपण ‘बायकांचे उन्हाळी काम’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘सौर ऊर्जा’! पहिल्याची नोंद कुठेच होत नाही. दुसऱ्याची मात्र वीजबिलात होते, बँकेत होते, सरकारच्या आकडेवारीत होते. पिढ्यान्‌पिढ्या सूर्याची ऊर्जा घरात वापरत आलेल्या बाईचे या नव्या नोंदीत स्थान काय, हा प्रश्न आज विचारायलाच हवा.

नागपूरच्या दक्षिणेचे बेसा काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. आज तिथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. मानेवाड्याकडून बेसा रस्त्याला लागले की शेते कमी आणि लेआउट, बंगले, फ्लॅट-स्कीमच जास्त दिसतात. अशा स्वतंत्र घरांच्या वस्तीत सौर पॅनल झपाट्याने वाढतात, कारण छत स्वतःचे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू केली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. एक किलोवॉटच्या संचाला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. या योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे.

स्त्रियांच्या त्रैमासिकाने किलोवॉट आणि युनिटची चर्चा का करावी, असे काही मैत्रिणी विचारतील. याचे पहिले उत्तर नागपूरच्या उत्तरेला आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांच्या परिसरातील गावांनी आपल्या दिव्यांची किंमत धूळ आणि राख या रूपात मोजली आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध खसाळ्याजवळ फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. घरातली भांडी, कपडे, पिण्याचे पाणी जिच्या माथी असते, तिच्याच वाट्याला राखेचा सर्वांत मोठा भाग येतो. म्हणून कोळसा कमी जळावा, ऊन जास्त वापरले जावे, ही मागणी स्त्री-चळवळीचीही आहे. पण मागणी करताना हिशेब आपल्याला समजलेला असावा. ‘ते तांत्रिक आहे, हे बघतील’ असे म्हणून आपण जे जे सोडून दिले, ते ते आपल्या हातून गेले, हा आजवरचा अनुभव आहे.

हिशेब मुळीच कठीण नाही. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज लागते. एका युनिटमध्ये ९ वॉटचा एलईडी दिवा शंभराहून जास्त तास चालतो, ७५ वॉटचा पंखा तेरा तास, २०० वॉटचा कूलर पाच तास. २,००० वॉटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी मात्र अर्ध्या तासात एक युनिट संपवते. एक किलोवॉटच्या पॅनलना सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. योजनेच्या जाहिरातीतल्या ‘३०० युनिट मोफत’चा अर्थही यातून कळतो. सरकार घरोघरी ३०० युनिट वाटणार नाही. आपल्या छतावर, आपल्याही पैशाने बसलेल्या सुमारे तीन किलोवॉटच्या संचातून तेवढी वीज तयार होईल, एवढेच त्यात सांगितले आहे.

आणखी तीन गोष्टी विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. पहिली, पॅनलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. आपला मे महिन्याचा ४५ अंशांचा पारा पॅनलला मानवत नाही. तापला की तो वीज थोडी कमीच देतो. दुसरी, दिवसा घरात न वापरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण तारांतून घेतो आणि दोन्हींची नोंद नेट मीटर ठेवते. अशा बॅटरी नसलेल्या संचात लाइन गेली की पॅनलही आपोआप बंद होतात. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. ‘सोलर लावले, आता अंधार नाही’ असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नये. तिसरी, सूर्यघर योजनेखाली संच बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. ती लेखी घ्यावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू. ऐंशीच्या दशकात सरकारने अनुदान देऊन पेटीचे सौर कुकर घरोघरी पोहोचवायचा प्रयत्न केला. वरण-भात त्यात छान शिजतो, इंधन लागत नाही, करपत नाही. तरीही बहुतेक कुकर माळ्यावर गेले, आणि दोष दिला गेला बायकांच्या अडाणीपणाला, जुन्या सवयींना. बाईला कुणी विचारलेच नव्हते! त्या पेटीत भाकरी भाजता येत नाही, फोडणी देता येत नाही. ऊन चढल्यावर ती गच्चीवर ठेवायची, मधूनमधून फिरवायची, दोन-तीन तासांनी उतरवायची; त्या वेळी मजुरीवर जाणारी बाई शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी असते. सकाळचा डबा आठला लागतो आणि रात्रीचे जेवण सूर्य मावळल्यावर होते. चौथ्या मजल्यावर राहणारीने जिने किती वेळा चढायचे? साधन चांगले होते. पण दिवसभराचे काम कोण, कधी आणि कुठे करते, हे न पाहता ते बनवले गेले होते.

याउलट आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील बाचा या आदिवासी गावात २०१८ च्या अखेरीपर्यंत ७४ घरांत सौर विजेवर चालणाऱ्या शेगड्या बसल्या. त्यांची रचना मुंबईच्या आयआयटीची होती. पॅनल छतावर आणि शेगडी घरात, बॅटरीमुळे संध्याकाळीही स्वयंपाक. सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने या एका बदलाचा अर्थ मोठा आहे. म्हणूनच घरात सौर वीज आली की पहिला प्रश्न असा विचारावा : वाचलेल्या विजेतून आधी काय आले? बैठकीत एसी, की स्वयंपाकघरात पंखा? ओट्यासमोर मे महिन्यातही पंख्याशिवाय उभी राहणारी बाई ज्या घरात आहे, त्या घरात ऊर्जा पोहोचली असे आपण कसे म्हणावे?

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. सूर्यघर योजनेचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावाने असते त्याच्या नावाने होतो. अनुदान त्याच्या बँक खात्यात येते. रोज किती वीज तयार झाली हे दाखवणारे अ‍ॅप बहुधा त्याच्याच मोबाइलवर असते. आणि बहुसंख्य घरांत हा ‘तो’ नवरा, सासरा किंवा दीर असतो. गच्ची झाडते ती, पॅनलवरची धूळ पुसते ती, मशीन लावायची वेळ उन्हाप्रमाणे बदलते ती. बचत मात्र त्याच्या नावावर जमा होते.

हा केवळ मानापमानाचा मुद्दा नाही. समुपदेशनाचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीने असे प्रकरण हाताळलेले असते : नवरा घर सोडून गेला आणि जाताना मीटर बंद करायचा अर्ज देऊन गेला, किंवा सुनेने घराबाहेर पडावे म्हणून सासरच्यांनी तिच्या खोलीची तार तोडली. मारहाणीचा वळ दिसतो. अंधारात, उकाड्यात, शाळेत जाणाऱ्या पोरांसह काढलेल्या रात्रीचा वळ दिसत नाही. पण कायदा तो ओळखतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क आहे आणि घरातल्या सोयीसुविधांपासून तिला वंचित करणे हा आर्थिक छळ मानला आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाला किंवा जागा ताब्यात असणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते. घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. ही दोन वाक्ये प्रत्येक सल्ला केंद्राच्या भिंतीवर असायला हवीत.

नावाचा हा लढा आपल्याला नवा नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी महिला आघाडीच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात अनेक गावांत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. गावठाणातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने व्हावी, असा निर्णय राज्य सरकारने २००३ मध्ये काढला. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. जमीन झाली, घर झाले. आता छत आणि छतावर पडणारे ऊन यांचा हिशेब लावायचा आहे. पॅनल पंचवीस वर्षे टिकतो. आज त्यावर ज्याचे नाव लागेल, त्याचा हक्क एका पिढीपुरता पक्का होईल.

आणि जिला छतच नाही तिचे काय? बेशाच्या फ्लॅट-स्कीममध्ये धुणीभांडी करणारी आपली मैत्रीण भाड्याच्या खोलीत, टिनाच्या छपराखाली राहते. जागा मालकाची, मीटर मालकाचे, आणि युनिटचा दर तोच ठरवणार! ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने गरीब आणि महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ ही योजना मंजूर केली. त्यात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्यालाही स्वतःच्या नावाचे मीटर आणि संच पेलणारे छत लागतेच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गीय मैत्रिणीचा प्रश्न वेगळा आहे. सामायिक गच्चीवर संच बसवून जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीची वीज भागवण्यासाठी निवासी संस्थेला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र गच्ची सर्व सदनिकाधारकांची आहे, की बिल्डरने कागदात ती स्वतःकडे ठेवली आहे, हे आधी तपासावे लागते. स्कीमच्या सभेला नवरे जातात आणि बायका चहा पाठवतात, ही रीत मोडल्याशिवाय तो कागद आपल्याला दिसणार नाही.

‘बायकांना यातले काय कळते?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला दूर जावे लागत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) येथे बचत गटांतल्या बायकांनी सहकारी संस्था काढून सौर पॅनल तयार करण्याचा कारखाना उभा केला. प्रशिक्षण मुंबईच्या आयआयटीने दिले. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना सौर दिवे आणि सुधारित चुली विकण्या-दुरुस्त करण्याच्या व्यवसायात उभे केले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाने २०१६ मध्ये त्या कामाचा गौरव केला. सोल्डरिंगची कांडी हातात धरायला पुरुषाचा हात लागत नाही, हे तिथे सिद्ध झाले आहे. तेव्हा आपल्या घरावर पॅनल बसवायला येणाऱ्या चमूत एकही बाई का नसते, हा प्रश्न आयटीआयला, नगरपंचायतीला आणि विक्रेत्यांना विचारायला हवा.

गटांनी या तिमाहीत एक काम करावे, अशी आमची सूचना आहे. एका बैठकीला प्रत्येकीने घरचे वीजबिल घेऊन यावे आणि सर्वांनी मिळून ते वाचावे. नाव कोणाचे आहे? मंजूर भार किती? या महिन्यात युनिट किती, मागच्या उन्हाळ्यात किती? बिल कोण भरते आणि त्या पैशासाठी कोणाला हात पसरावा लागतो? वरच्या हिशेबाने घराला किती किलोवॉट पुरेल, हे तिथेच मांडावे. भाड्याने राहणाऱ्या मैत्रिणींची वेगळी यादी करावी.

त्या बैठकांतून आपल्या मागण्या ठरतील. आज आमच्यापुढे चार आहेत. सौर योजनांचे अर्ज आणि अनुदानाचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावाने व्हावे. किती लाभार्थी स्त्रिया आहेत याचे आकडे जिल्हावार जाहीर व्हावेत. ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी शाळा, समाजमंदिर, नगरपंचायतीच्या इमारती यांवर सामूहिक संच बसवून त्याचा वाटा त्यांच्या बिलात वळता करावा. आणि संच बसवण्याच्या व देखभालीच्या प्रशिक्षणात स्त्रियांना निम्म्या जागा द्याव्यात.

बिल वाचनाच्या बैठकीत काय निघाले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. किती बिलांवर बाईचे नाव निघाले, तो आकडा एका ओळीत आला तरी चालेल. पुढच्या अंकात तो हिशेब सर्वांसमोर मांडू आणि तोच घेऊन महावितरणच्या आणि नगरपंचायतीच्या दारात जाऊ.