टारझनची गाडी आणि आपला खिसा



2004 साली ‘टारझन: द वंडर कार’ आला तेव्हा मी शाळेत होतो. वत्सल सेठ, आयेशा टाकिया, अजय देवगण सगळे होते त्यात, पण आमच्या वर्गातल्या पोरांना लक्षात राहिली ती फक्त जांभळी गाडी. वहीच्या मागच्या पानावर तिची चित्रं काढली नाहीत असा मुलगा नसेल. ती गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने बनवली होती आणि आतून ती होती टोयोटाची एमआर 2. दोन सीटची, इंजिन पाठीमागे मधोमध बसवलेली जपानी स्पोर्ट्स कार. म्हणजे जुनी गाडी घेऊन तिच्यावर अफाट खर्च करायचा हा प्रकार आपल्या पिढीने सगळ्यात आधी पडद्यावर पाहिला तो तिथे. पुढे काही वर्षांनी त्याच गाडीचे फोटो फिरले: मुंबईत कुठेतरी उभी, धुळीने माखलेली, टायर बसलेले. सिनेमातल्या गाडीला कोणी वाली उरला नाही, तर तुमच्या-माझ्या गाडीला कोण राहणार, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

यंदा तो घरातच आला. माझा धाकटा चुलत भाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याने 2002 ची होंडा सिटी व्हीटेक घेतली, 2 लाख 40 हजारांना. आजच्या मुलांना सांगावं लागेल म्हणून सांगतो, आपल्याकडे त्या काळी खरी स्पोर्ट्स कार मिळतच नव्हती. बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची फायबरग्लास बॉडीची सॅन स्टॉर्म होती, दिसायला झक्कास, पण आत रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन. कॉन्टेसाचा रुबाब होता, वेग नव्हता. म्हणून 1.5 लिटरमधून 106 बीएचपी काढणारी चार दरवाजांची साधी दिसणारी सिटी हीच पोरांची स्पोर्ट्स कार झाली. तिच्या खालोखाल कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पालिओ 1.6, तिला 100 बीएचपी. या दोन गाड्यांवर जीव टाकणारे लोक अजून आहेत आणि त्यांना मी नावं ठेवत नाही, कारण मीही त्यातलाच.

तर भावाने मला एका गॅरेजचं कोटेशन पाठवलं आणि खाली लिहिलं, “दादा, एकदा बघ की.” टर्बो किट साडेतीन लाख. वेगळा ईसीयू, त्याच्या ट्यूनिंगसकट, सव्वा लाख. क्लच 45 हजार. सस्पेन्शन 1 लाख 10 हजार. 17 इंची चाकं आणि टायर 1 लाख 20 हजार. एक्झॉस्ट 60 हजार. रंग आणि बॉडीकिट 80 हजार. एकूण 8 लाख 90 हजार. त्यातले 6 लाख पर्सनल लोनमधून. काकूने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “गाडीला पावडर-कुंकू करायला नऊ लाख? काय की बाबा.” काका काही बोलले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, कारण घरात गाडीतलं कळतं ते मलाच, असा त्यांचा समज आहे.

आधी पैशांचं बोलू. 6 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी 4 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 15 हजार 800 येतो आणि व्याजच 1 लाख 58 हजारांच्या आसपास जातं. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळपास दोन तृतीयांश नुसतं व्याज. आणि विकताना काय येणार? जुन्या बाजारात बदललेल्या गाडीला दोनच गिऱ्हाईकं. एक, तुमच्यासारखाच वेडा, ज्याच्याकडे पैसे नसतात. दुसरा, साधा माणूस, जो बॉनेट उघडून म्हणतो, “हे काय करून ठेवलंय?” आणि भाव पाडतो. मूळ स्थितीतल्या गाडीला मात्र गिऱ्हाईक वाढत जातं. आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर आरएक्स 100 बघा. 1985 ते 1996 या काळात बनलेली, 98 सीसी, 11 हॉर्सपॉवरची ती गाडी. आळंदपासून बसवकल्याणपर्यंत कुठल्याही गावात विचारा. मूळ सायलेन्सर, मूळ टाकी, मूळ मीटर असलेलीला लोक मागतील तो भाव देतात. रेसिंगच्या नादात कापाकापी झालेली असेल, तर तीच मंडळी “सुटे भाग म्हणून घेतो” म्हणतात.

“पण अमेरिकेत तर जुन्या गाड्या बदलून कोटींना विकतात,” हे भावाचं उत्तर तयारच होतं. विकतात. कॅलिफोर्नियातली सिंगर नावाची कंपनी 1989 ते 1994 च्या काळातल्या पोर्शे 911 घेऊन त्या नव्याने घडवते आणि एकेकीची किंमत पाच लाख डॉलरच्या वर जाते. ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी सुप्रा 2021 साली साडेपाच लाख डॉलरला लिलावात गेली. पण सिंगर हा धंदा आहे, गिऱ्हाईक आधी पैसे मोजतं. आणि सुप्राचे पैसे टर्बोचे नव्हते, सिनेमाचे होते. आमच्या भावाची गाडी पॉल वॉकरने चालवलेली नाही.

आता माझ्या धंद्यातला भाग, म्हणजे ईसीयू. लोकांना वाटतं रिमॅप म्हणजे काहीतरी जादू. ते मुळात कोष्टक आहे. इंजिन किती फेऱ्यांवर फिरतंय आणि त्यावर किती भार आहे, या दोन गोष्टींवरून किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू त्या कोष्टकातून वाचतो. कंपनी ते आकडे अगदी टोकाला नेत नाही. कुठे पेट्रोल हलकं मिळेल, कुठे उन्हाळा असेल, कोणी वेळेवर सर्व्हिसिंग करणार नाही, हे सगळं गृहीत धरून ती थोडी जागा सोडते. ट्यूनर ती सोडलेली जागा वापरतो. टर्बो मुळातच असलेल्या गाडीत त्यातून चांगली ताकद निघते. बिनटर्बोच्या गाडीत नुसत्या रिमॅपने हाती लागतं ते थोडकंच. म्हणून मग बाहेरून टर्बो बसवायचा मोह होतो, आणि 20 वर्षं जुन्या पिस्टन-बेअरिंगवर तो दाब येतो, ज्याचा हिशेब होंडाच्या इंजिनिअरने कधी केलाच नव्हता. आमच्याकडे जुन्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं की पहिल्या दिवशी सगळे खूश असतात. तसंच हे.

त्यात आपली हवा. पुण्याच्या डायनोवर जानेवारीच्या सकाळी काढलेला आकडा मे महिन्यात आळंदला लागू पडत नाही. 23 अंशांची हवा 43 अंशांवर गेली की तिची घनता 6 टक्क्यांहून जास्त कमी होते, आणि इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढीच ताकद देतं. 106 मधले 6-7 बीएचपी नुसत्या उन्हाने गेले. शिवाय तापलेल्या हवेत नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून ठिणगी मागे घ्यावी लागते, म्हणजे आणखी थोडे गेले. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावणाऱ्यांची तर मला गंमत वाटते. तो इंजिनचीच गरम हवा परत इंजिनला पाजतो. आवाज मात्र छान येतो.

17 इंची चाकं आणि खाली बसवलेली गाडी याबद्दल फार लिहीत नाही. अक्कलकोटहून आळंदला येताना गावागावांत लोकांनी स्वतः घातलेले सिमेंटचे उंचवटे ज्यांनी ओलांडलेत, त्यांना सांगायची गरज नाही.

मला खरा धक्का बसला तो कोटेशनमध्ये काय नव्हतं ते बघून. 8 लाख 90 हजारांत ब्रेकला एक रुपया नव्हता. ताशी 80 वरून 120 वर गेलात, तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. गाडी तीच, मागचे ड्रम तेच, एबीएस नाही, एअरबॅग नाही. आणि ही काही त्याची रविवारची खेळण्याची गाडी नाही, घरात हीच एक गाडी आहे. दिवाळीला पुण्याहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर येताना मागच्या सीटवर वहिनी आणि तीन वर्षांची पोर असते. सोलापूरपर्यंत हायवे, पुढे अंधार आणि उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू झाला की या ट्रॉल्यांना मागे दिवा असतो की नाही हे आपल्या भागातल्या कुणालाही विचारा. मी त्याला फोन करून विचारलं, “यात ब्रेक कुठे आहेत रे?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ते नंतर करायचे होते.”

कायद्याचंही सांगतो, कारण गॅरेजवाले हे सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीने इंजिन बदलणं, सीएनजी किट, आरसीवर नोंद करून रंग बदलणं ही वेगळी गोष्ट. शिवाय 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावी लागते. त्या दिवशी निरीक्षकाने बॉनेट उघडलं की टर्बो काही लपत नाही. एम.एच. पासिंगची गाडी इकडे आणून 12 महिन्यांवर ठेवायची असेल, तर के.ए. 32 ची नोंदणी, म्हणजे पुन्हा तपासणी. आणि विमा. कंपनीला न कळवता बदल केले असतील, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. टर्बो जळाला तर पैसे जातात. पण विम्याने हात वर केल्यावर समोरच्याच्या दवाखान्याचं बिल आपल्या अंगावर आलं, तर काकांचं शेत जाईल.

एक मजेची गोष्ट. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण ती मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा लोक बघायला गर्दी करतात ते ती जशीच्या तशी आहे म्हणून. भावाची सिटी 2052 साली पात्र होईल. तोपर्यंत थांबायची त्याची तयारी नाही, हे मला मान्य आहे.

आता त्याच्या बाजूचंही थोडं बोलायला हवं. आपल्या घरांतून लग्नात एका दिवसाच्या मांडवावर, जेवणावर आठ-दहा लाख जातात आणि कोणी विचारत नाही की विकताना काय येणार. मग एका पोराने स्वतःच्या कमाईतून आवडीच्या गाडीवर खर्च केला, तर त्यालाच रिसेल व्हॅल्यू का विचारायची? हौसेचा हिशेब हौसेनेच करावा. माझा आक्षेप कर्जाला आहे आणि घरच्या एकुलत्या गाडीवर प्रयोग करण्याला आहे. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, पैसे रोख आहेत आणि जो चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जाऊन ती चालवणार आहे, त्याने खुशाल टर्बो बसवावा. मी बघायला येईन.

आणि जुन्या गाडीवर खर्च करूच नये असंही नाही. सोलापूरच्या माझ्या मित्राने पालिओ 1.6 वर सव्वा लाख घातले. सस्पेन्शनचे सगळे बुश, चार शॉकॲब्सॉर्बर, इंजिन माउंटिंग, ब्रेक डिस्क आणि होस, रेडिएटर, कूलंटचे पाइप, चार चांगले टायर मूळ मापाचे. ताकद एक बीएचपी वाढली नाही. उमरग्याच्या बाजूला मुंबई–हैदराबाद हायवेवर मी ती चालवली. वीस वर्षांत रबर कडक होऊन जे काही हरवलं होतं ते सगळं परत आलं होतं. वळणावर गाडी रेषेवरून हलत नव्हती. बऱ्याच जणांना वाटतं आपली जुनी गाडी मंद झाली आहे. ती मंद नसते, ढिली झालेली असते.

हीच यादी मी भावाला पाठवली, ब्रेक सगळ्यात वर लिहून. त्याने लोनचा अर्ज तूर्त थांबवलाय. बॉडीकिटचा मोह सुटलेला नाही, तो त्याचा प्रश्न.

तुमच्यापैकी कोणाच्या दारात बदललेली गाडी आधीच उभी असेल, तर दोन कामं या महिन्यात करा. आरसीवर काय नोंद आहे ते वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. आणि काढलेले मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. सायलेन्सर, चाकं, एअरबॉक्स, मूळ ईसीयू, सगळं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर टाका, वर गाडीचा नंबर लिहा. फियाटचे तर आता शोधूनही मिळत नाहीत.