ख्रिस्तपुराण कोणत्या दृष्टीनें वाचावें ?

ग्रंथपरीक्षण म्हणजे ग्रंथास चांगला किंवा वाईट ठरविणें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः आपण ग्रंथाकडे कोठून पाहत आहों हें ओळखणें, हें परीक्षकाचें पहिलें काम होय. साहित्यशास्त्री रस पाहतो, इतिहासकार काळ पाहतो, भाषाभ्यासक शब्द पाहतो. आणि प्रत्येकास जें दिसतें तें खरें असूनहि अपुरें असतें. या महिन्यांत एकाच ग्रंथास या तिन्ही दृष्टी लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमचें वास्तव्य वसई तालुक्यांतील नंदाखाल येथें. येथें ख्रिस्ती वस्ती मोठी, आणि घरोघरीं कानीं पडते ती सामवेदी बोली. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षें संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो मूळचे याच गांवचे. 2020 सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हां, ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान कां, असा आक्षेप कांहींनीं घेतला. फादर 2024 सालीं निवर्तले. आक्षेपामागील प्रश्न मात्र उरतो : परधर्मीयानें आपल्या धर्मासाठीं लिहिलेलें मराठी आपण आपलें मानावें कीं नाहीं ? या प्रश्नाचें सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण.

स्टीफन्स हे जातीचे इंग्रज, जेझुइट पंथाचे. 1579 सालीं गोव्यास आले आणि 1619 सालीं निवर्तले. सुमारें 11,000 ओव्यांचें त्यांचें पुराण 1616 सालीं गोव्यांतील राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र.

प्रथम रसदृष्टि. क्रुसाखालीं उभ्या असलेल्या मातेचा प्रसंग कोणाहि सहृदयाचे डोळे ओले करील. दशरथाच्या शोकानें द्रवण्यास वाचक क्षत्रिय असावा लागत नाहीं. तसाच येथें तो ख्रिस्ती असावा लागत नाहीं. आपल्या आलंकारिकांनीं साधारणीकरण म्हणून जें सांगितलें तें हेंच : रसास्वादाच्या क्षणीं 'माझें' आणि 'परक्याचें' हा भेद गळून पडतो. शिवाय कवीनें छंद निवडला तो ज्ञानेश्वरांची ओवी. तेव्हां या दृष्टीनें ग्रंथास काव्य म्हणावेंच लागतें.

परंतु इतिहासाची दृष्टि लावतांच चित्र पालटतें. राशोल ज्या साष्टी प्रांतांत आहे, तेथील देवळें 1567 सालीं पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं. 1560 सालीं गोव्यांत बसलेलें इन्क्विझिशन 1812 पर्यंत कायमचें उठलें नाहीं. जुनें पुराणश्रवण नव्या ख्रिस्त्यांस वर्ज्य झालें होतें. जुनें बंद केलेंत तर त्याच्या जागीं कांहीं द्या, अशी मागणी त्यांच्याकडून होते, हें ग्रंथाच्या आरंभींच आलें आहे. हें माधुर्य रिकाम्या केलेल्या जागेवर उगवलें, ही गोष्ट कोणत्याहि रसिकानें लपवूं नये. मात्र हीच दृष्टि आणखी एक गोष्ट दाखविते. धर्म पालटूनहि त्या माणसांची ओवीची तहान गेली नाहीं. आणि ती भागविण्यासाठीं पाद्रीबोवांस मराठी कवि व्हावें लागलें.

तिसरी भाषेची दृष्टि. स्टीफन्स यांनीं मराठीस रत्नाची, फुलाची, सुगंधाची उपमा देऊन तिचें कौतुक केलें, हें सर्वश्रुत आहे. पण त्यांची खरी परीक्षा शब्दांच्या निवडींत होते. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, धर्मविधींस मात्र बहुधा पोर्तुगीज नांवेंच ठेवितात. जेथें अर्थाची गल्लत होण्याचें भय तेथें परका शब्द, जेथें हृदयास भिडावयाचें तेथें आपला, असा त्यांचा विवेक दिसतो. लंडनमधील मार्सडेन संग्रहांत या पुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. तींत अनेक परके शब्द जाऊन संस्कृत शब्द आले आहेत. लिपीचा परिणाम तर फारच मोठा झाला. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनीं 1956 सालीं देवनागरी आवृत्ति काढीपर्यंत, म्हणजे 340 वर्षें, सामान्य महाराष्ट्रीय वाचकास हा ग्रंथ जवळजवळ बंदच होता.

आतां निवाडा काय करावा ? आमच्या पिढींतील कित्येक गृहस्थ 'मिशनचें पुस्तक' म्हणून तें दूर ठेवितात. नव्या पिढींतील कित्येकजण 'सगळें सत्तेचें राजकारण' म्हणून तेंच करितात. दोघेहि न वाचतांच निकाल देतात. उलट, निव्वळ भाषेच्या प्रेमानें 1567 साल विसरणारा रसिकहि आमच्या मतें अर्धाच वाचक. रस इतिहासास खोडून काढीत नाहीं, आणि इतिहास रसास खोटें पाडीत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी : घरांत चार माणसें एकत्र बसत असतील तेव्हां या पुराणाचा एखादा अध्याय मोठ्यानें वाचावा आणि प्रथम कानांस न्याय करूं द्यावा. मग साष्टींत काय घडलें तें मुलांस काहीं न वगळतां सांगावें, आणि शेवटीं एखादा शब्द घेऊन तो तेथें कां आला याची चर्चा करावी. इतकें झाल्यावर हें पुस्तक ज्ञानेश्वरीशेजारीं ठेवावें कीं निराळ्या फळीवर, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हीं आमच्या घरीं तें ज्ञानेश्वरीशेजारींच ठेविलें आहे.