कोंबडखत फुकटचं नाही, युरियाच्या हिशोबात धरा



वांग्याच्या लागवडीला दोन महिने उरलेत आणि गावोगावी पोल्ट्रीच्या ट्रॉल्या फिरायला लागल्यात. खत चांगलंच आहे, घ्या. पण गेल्या हंगामात बऱ्याच प्लॉटमध्ये जे पाहिलं, त्यावरून माझं स्पष्ट मत सांगतो. आपण कोंबडखत घालतो, आणि युरिया-डीएपी मात्र आधीइतकंच टाकतो. चूक इथंच होते.

हिशोब बघा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, गादीच्या कोंबडखतात तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टनाला 30 किलो. त्यातलं निम्मं जरी याच पिकाला लागू झालं, तरी युरियाची पाऊण गोणी वाचते. सुधारित वांग्याला एकरी साधारण 60 किलो नत्र लागतं. स्फुरदही यात भरपूर असतो, म्हणून माती परीक्षण न बघता डीएपी टाकू नका.

जास्तीच्या नत्राने झाड काळंभोर, लुसलुशीत दिसतं. आपण खूश, अन् तुडतुडे, पांढरी माशीही खूश! मग फवारणीवर फवारणी. "कोंबडखतावरचं पौष्टिक वांगं" म्हणून विकायचं आणि आठवड्याला औषध मारायचं, हे मला पटत नाही. नुसत्या खताने वांगं पौष्टिक होत नाही. फवारा कमी झाला तर ते खाणाऱ्याच्या कामाचं. आणि भरलं वांगं आपल्याही घरात सालीसकटच शिजतं.

दुसरं, ताजं खत सरीत घालू नका. आमच्या घरी वडिलांनी एकदा घातलं होतं. आठ दिवसांत निम्मी रोपं करपली. तेव्हापासून आम्ही असं करतो:

✅ कोंबडखत आणि पालापाचोळा/भुसा यांचे थर, सावलीत ढीग
✅ मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये इतकीच ओल
✅ दर 10-12 दिवसांनी पलटी
✅ दीड-दोन महिन्यांनी ढीग थंड, मातीसारखा वास. डोळ्याला झोंबत असेल तर अजून थांबा

एकरी एक-दीड टन पुरे. जास्त घालून शेजाऱ्याला दाखवायचं ते पीक नव्हे.

माती परीक्षणाचा अहवाल असेल तर फोटो याच नंबरवर टाका. युरिया, डीएपी किती कमी करायचं, ते बसून काढू. ढीग मात्र याच आठवड्यात लावा.

– तुमचा कृषी सल्लागार