लडाखची यादी आणि भंडारदऱ्याचा पाऊस

जुलै उजाडला की आमच्या हापिसात दोन गोष्टी हमखास होतात. पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात छत गळायला लागतं आणि भंडारदऱ्याचे बेत सुरू होतात. यंदा पोरांचा बेत जरा मोठा आहे. नुसतं जाऊन यायचं नाही, दोन रात्री तंबूत राहायचं. बाईकवर, ऐन पावसात. सामानाची एक एक्सेल शीट ग्रुपवर फिरतेय आणि 'दादा, तू जरा बघून घे' असा हुकूम मला झालाय. ग्रुपवर एवढं लिहिलं तर कोणी वाचणार नाही, म्हणून वीकांताचं निमित्त करून इथेच लिहितो.

शीट बघितली. उणे १० अंशांची स्लीपिंग बॅग, चार जणांचा तंबू, घडीच्या खुर्च्या, एलईडी कंदील, कॉफी गाळायचं कसलंसं यंत्र. रेनकोट शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि त्यापुढे शेरा: 'असेल तो आणा.'

मंडळी, ही यादी लडाखची आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाईक ट्रिपच्या याद्या लडाखच्याच असतात. कोणीतरी एकदा मनालीमार्गे लेहला जाऊन आलेला असतो, त्याची यादी पुढची दहा वर्षं सगळीकडे चिकटवली जाते. आता लेहला वर्षभरात मिळून साधारण १०० मिमी पाऊस पडतो. तिथली थंडी कोरडी. घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिमी पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिथे जुलैच्या रात्री तापमान १८-२० अंश असतं. म्हणजे उणे १० च्या बॅगेत शिरलात तर उकडून मराल. आणि ती बॅग भिजली असेल (भिजणारच), तर त्याच १८ अंशांत कुडकुडाल. आपला शत्रू थर्मामीटरवर दिसत नाही, गडबड इथेच होते. थंडीसाठी खरेदी करायची नाहीये, ओलीसाठी करायची आहे.

आपण संभाजीनगरकर या बाबतीत थोडे अडाणीच. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ७०० मिमीच्या आसपास, तोही लहरीप्रमाणे. पाऊस आला तर आपण घरातून बाहेर पळतो, आत नाही. त्यात रस्ताही फसवा आहे. वैजापूर, शिर्डी, संगमनेर, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पर्जन्यछायेतला मुलूख, नुसतं ढगाळ, छान हवा. माणूस टी-शर्टवर खूश असतो. अकोल्यानंतर भुरभुर लागते आणि राजूर सोडलं की डोंगर तुमच्यावर पाणी ओतायला लागतो. तोपर्यंत चार-पाच तास गाडी चालवून अंग दमलेलं असतं, पोटात शिर्डीचा वडापाव कधीच जिरलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये असंच राजूरला चहाला थांबलो होतो. आमच्यातल्या एकाला हेल्मेटचं बक्कल काढता येईना. आधी आम्ही हसलो. मग लक्षात आलं की तो बोलतोय ते जड जिभेने, आणि विचारलं ते सोडून भलतंच उत्तर देतोय. अंगात जीन्स, सुती टी-शर्ट आणि वर विंडचीटर. हवा असेल १९ अंश. बॅगेत कपड्यांचे तीन जोड होते, तिन्ही ओले, कारण बॅगेचं रेन कव्हर पुढून लावलेलं असतं आणि मागच्या चाकाचं पाणी पाठीकडून आत गेलं होतं. टपरीवाल्या मावशींनी फार प्रश्न न विचारता आपल्या मुलाचा कोरडा शर्ट दिला, घोंगडी पांघरली, दोन कप गोड चहा पाजला. तासाभराने गडी माणसात आला. तो तसाच पुढे निघाला असता तर पुढच्या वळणावर ब्रेक दाबायला बोटं चालली असती का, हा विचार मी फार वेळ करत नाही.

याला हायपोथर्मिया म्हणतात. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की तो सुरू होतो आणि त्याला बर्फ लागत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात (या छोट्या कॅलरी, डाएटवाल्या नव्हेत). भिजलेली जीन्स पाव लिटर पाणी सहज धरते. ते वाऱ्यावर वाळायला जी ऊर्जा लागते ती साधारण दीड पोळीएवढी. ती सगळी तुमच्या अंगातून जात नाही, पण बरीच जाते. आणि जीन्स वाळत तर नाहीच, वरून पाऊस चालूच असतो. म्हणजे हे अनंत लूप आहे, ब्रेक कंडिशन नसलेलं :-)

म्हणून माझं मत असं की खरेदी उलट्या टोकापासून करा. तंबू सगळ्यात शेवटी. पहिला पैसा गाडी चालवताना अंगावर जे असतं त्यावर.

सुती कपडे घरी. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर पातळ फ्लीस, सगळ्यात वर दोन भागांचा रेनसूट, शर्ट वेगळा आणि पॅंट वेगळी. तो महागातला 'श्वास घेणारा' असावा असा आग्रह नाही. ते पापुद्रे आतल्या आणि बाहेरच्या बाष्पातल्या फरकावर चालतात, आणि ढगात बसून गाडी चालवताना हा फरक फार उरत नाही. साधा पीव्हीसीचा जाड सूट, शिवणींवर आतून पट्टी मारलेला, चालतो. घामाने थोडे ओले व्हाल, पण ती ओल कोमट असते आणि वारा लागत नाही. वारा अडवणं हे अर्धं काम आहे. पायात गमबूट, आणि रेनपॅंट त्याच्या बाहेरून. आत खोचलीत तर बूट म्हणजे दोन बादल्या. हाताला भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी हातमोजे, नेहमीच्या मोज्यांच्या वरून. दिसतं भयानक, पण घाटात ब्रेक दाबायला जिवंत बोटं लागतात, फोटोजेनिक नव्हे.

दुसरं म्हणजे कोरडी पिशवी. माझ्या दृष्टीने अख्ख्या सामानातली ही एकच वस्तू पवित्र आहे. त्यात रात्रीचा एक जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि पांघरूण. तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग मिळते, छान असते. नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, प्रत्येकीचं तोंड पिळून, दुमडून, रबराने बांधलेलं. बाहेरच्या सॅडल बॅगेवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ती भिजणार असं धरूनच चाला. पाणी आत येऊ नये हा प्रयत्न आतून करायचा, बाहेरून नाही. आणि नियम एकच: ही पिशवी डोक्यावर छप्पर आल्याशिवाय उघडायची नाही. सकाळी कोरडा जोड काढून पुन्हा पिशवीत, अंगात कालचे ओले कपडे. ही पाच मिनिटं फार वाईट असतात. शिव्या द्या, पण घाला. सकाळी मोहाने कोरडे कपडे घालून निघणाऱ्याला दुसरी रात्र ओलीच काढावी लागते.

तिसरं, अंगाखालचं. स्लीपिंग बॅगेवर लोक हजारो रुपये घालतात आणि खाली चादर टाकतात. पाठीखालचा भाग तुमच्या वजनाने चेपला जातो, त्यातली हवा जाते आणि ऊब हवेतच असते. बॅगेवर जो तापमानाचा आकडा छापतात तोसुद्धा खाली मॅट आहे हे धरूनच. ओली जमीन रात्रभर तुमची ऊब शोषत राहते. बंद छिद्रांच्या फोमची मॅट घ्या, पाणी न पिणारी, घडीची किंवा गुंडाळायची. फुगवायची मॅट आरामाची, पण भोक पडलं की संपलं. स्लीपिंग बॅग सिंथेटिकच, साधारण १० अंश कम्फर्टची पुष्कळ झाली. पिसांची कितीही हलकी असली तरी भिजली की तिचा लगदा होतो.

इथे घोंगडीबद्दल बोललंच पाहिजे. सह्याद्रीतला आणि माणदेशातला धनगर पिढ्यान्‌पिढ्या पावसात घोंगडीवर निभावतो ते काही गरिबीचं कौतुक म्हणून नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओली झाली तरी थोडी ऊब धरते. आपली दख्खनी मेंढीची लोकर राठ, टोचते, म्हणून शहरात कोणी विचारत नाही. बाईकवर ती जड होते हे खरं, दोन-तीन किलो सहज. पण चौघांत एक असावी. बसायला, अंगाखाली, आणि कोणी गारठलाच तर गुंडाळायला. आजीच्या गोधडीवर माझं प्रेम आहे, पण ती सुती. भिजली तर पुढच्या रविवारपर्यंत वाळायची नाही. आणि आपल्या शहराची नामांकित हिमरू शाल सुताची आणि रेशमाची, ती लग्नात मिरवायला ठेवा.

आता तंबू. कापडाला '२००० मिमी' वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड झिरपू न देता पेलतं. छताला १५००-२००० पुरतात. तळाला जास्त हवं, कारण गुडघा टेकवलात की त्या जागी दाब कितीतरी वाढतो. पण आकड्यापेक्षा मी दोन गोष्टी बघेन. तंबू दुहेरी आहे का? कारण झोपेत एकेक जण उच्छ्वासातून आणि त्वचेतून मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो, आणि बाहेर दमट असलं की एकेरी तंबूत तेच पाणी पहाटे नाकावर टपकतं. लोक म्हणतात तंबू गळतो. तो गळत नसतो, तो तुमचाच पाऊस असतो. दुसरं, उभारताना बाहेरचं कापड आधी लागतं का? ब्रिटनसारख्या सदा ओल्या देशात तसे तंबू पुष्कळ मिळतात. आपल्याकडे मिळणारे बरेचसे आतली जाळी आधी उभी करायला लावतात, आणि मुसळधार पावसात त्या पाच मिनिटांत आत तळं होतं. तसा तंबू असेल तर मोंढ्यातून एक हलकी ताडपत्री घ्या, तीन बाय चार मीटरची, आणि वीस मीटर दोरी. आधी ती तिरकी बांधायची, मग तिच्याखाली निवांत तंबू. स्वयंपाक, कपडे बदलणं, चहा, सगळं तिच्याखाली. तंबूत स्टोव्ह किंवा निखाऱ्याची शेगडी न्यायची नाही, कितीही थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि रमने ऊब येते हा भ्रम आहे. रक्त कातडीकडे धावतं, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. राजूरच्या त्या टपरीवर कोणीतरी सद्भावनेने क्वार्टर काढली होतीच.

जागेबद्दल थोडं. घाटघर, रतनवाडी, साम्रद हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि पावसाळ्यात बंदीचे आदेशही निघतात, ते निघायच्या आधी बघा. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला, धबधब्याच्या दृश्यासाठी अजिबात नको. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) ही वर्षानुवर्षं वसलेली गावं होती. आपण तर एका रात्रीचे पाहुणे.

खरं सांगायचं तर गावात कोणाच्या पडवीत रीतसर पैसे देऊन झोपायला मिळत असेल तर मी तंबू गाडीवरून सोडणारसुद्धा नाही. यावर पोरांचं म्हणणं, 'मग ते कॅम्पिंग कसलं?' मला हा वाद कळत नाही. दोन दिवस पावसात गाडी चालवली, ढगात जेवलात, रात्रभर पत्र्यावरचा आवाज ऐकलात, अजून काय पाहिजे? भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं, टोक्याला गोदावरीला मिळतं आणि नाथसागरात येऊन आपल्या नळाला लागतं. आपण एरवी काही दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघत ज्या पाण्यासाठी थांबतो, ते पडताना बघायला चाललोय. त्यासाठी कॉफी गाळायचं यंत्र लागत नाही.

तर शीटमध्ये बदल असे: खुर्च्या, यंत्र आणि उणे १० वाल्या बॅगा लाल केल्या आहेत. रेनसूट पहिल्या ओळीत आणलाय, 'असेल तो' काढून टाकलंय. कोणाकडे नसेल त्याने आधी सांगा, माझ्याकडे एक जादा आहे. निघायच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांनी आपापला तंबू गच्चीवर उभारून त्यावर पाण्याचा पाईप दहा मिनिटं धरायचा (नळ आलेला असेल त्या दिवशी!). आणि परत आल्यावर रात्री कितीही झोप आली तरी तंबू पिशवीतून काढून दोरीवर टाकायचा. ओला ठेवलात तर चार दिवसांत बुरशी धरतो, आतला लेप चिकट होतो, आणि पुढच्या जुलैला तो तंबू नसून एक महागडी गाळणी असते.