अंगठा जुळत नाही, म्हणजे माणूस खोटा नाही

‘तुमचा अंगठा लागत नाही.’ रेशनच्या दुकानात, बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर किंवा सिमकार्ड घेताना हे वाक्य ऐकून रिकाम्या हाताने परतलेले कुणीतरी प्रत्येक मोहल्ल्यात सापडते. बहुतेक वेळा ते घरातले बुजुर्ग असतात, नाहीतर आयुष्यभर हाताने काम केलेली माणसे. त्यांना वाटते, आपल्याच कागदांत काही खोट आहे. काहींना भीती वाटते की आता आधार रद्द होणार, रेशनकार्डावरून नाव जाणार. म्हणून ते दुसऱ्यांदा विचारायलाही जात नाहीत. या महिन्यात आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत, कारण यात घरातल्या माणसाचे पोट आणि इज्जत दोन्ही गुंतलेले आहे.

आधी हे समजून घेऊ की ठसा जुळत नाही म्हणजे नेमके काय होते. बोटाच्या टोकावर बारीक उंचवट्यांच्या रेषा असतात. त्या कुठे संपतात, कुठे फुटतात, याच्या खुणा मशीन टिपते आणि आधार काढताना घेतलेल्या ठशाशी ताडून पाहते. पुरेशा खुणा जुळल्या तर ‘हो’, नाही जुळल्या तर ‘नाही’. ‘हा माणूस खोटा आहे’ असे मशीन म्हणत नाही. ‘मला नीट दिसले नाही’ एवढाच त्या नकाराचा अर्थ असतो.

आता हाताच्या रेषा कुणाच्या झिजतात ते पाहा. सिमेंट, चुना आणि विटा हाताळणारे गवंडी आणि बिगारी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर दिवसभर धागा ओढणारे कारागीर. विड्या वळणाऱ्या बाया. चार घरची धुणी-भांडी करून साबणात हात भिजवणाऱ्या भगिनी. शिवाय वय वाढले की कातडी पातळ आणि कोरडी होते, रेषा सपाट होतात. इसब असेल, भाजले असेल, बोट कापले असेल तरी ठसा बिघडतो. म्हणजे ज्यांना रेशनच्या धान्याची आणि निवृत्तिवेतनाची सर्वांत जास्त गरज, त्यांचेच बोट मशीनला सर्वांत कमी दिसते. हा त्यांचा कसूर नाही.

काही औषधांनीही असे होते. कॅपेसिटॅबिन नावाचे कर्करोगावरचे गोळ्यांचे औषध आहे. त्याने काही रुग्णांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी सोलते. डिसेंबर २००८ मध्ये हे औषध घेणारा सिंगापूरचा एक ६२ वर्षांचा रुग्ण नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत गेला. विमानतळावर त्याच्या बोटांचे ठसेच उमटेनात. खात्री पटेपर्यंत त्याला चार तास अडवून ठेवण्यात आले. पुढे त्याच्या डॉक्टरांनी ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे असा सल्ला दिला. आपल्या घरात कुणावर असे उपचार सुरू असतील आणि प्रवास ठरला असेल, तर हा सल्ला लक्षात ठेवावा.

काही माणसे तर जन्मापासूनच ठशांविना असतात. बांगलादेशात राजशाही जिल्ह्यातील एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या बोटांवर रेषाच नाहीत. तिथे २०१६ पासून सिमकार्डासाठी ठसा जुळणे सक्तीचे झाले, तेव्हा या घरातील पुरुषांना स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळेना. ते घरातील आईच्या नावावरचे सिम वापरू लागले. सरळमार्गी शेतकरी माणसे, पण यंत्रापुढे बिननावाची झाली.

ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राला आपल्याच उपखंडात आकार आला, हे थोड्यांना माहीत असते. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. पोलीस खात्यातील काझी अझीझुल हक यांनी गणिताच्या आधारे ठसे १०२४ कप्प्यांत विभागण्याची रीत बसवली. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचाही या कामात मोठा वाटा होता. जगभर ती पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. त्या काळी शाईने घेतलेला ठसा जाणकार माणूस भिंगातून पाहत असे, आणि ठसा पुसट असेल तर पुन्हा घेत असे. आज ते काम मशीन एका क्षणात करते, पण पुसट ठसा पुन्हा नीट घ्यायचा असतो आणि नाहीच आला तर दुसरी वाट काढायची असते, हे तत्त्व बदललेले नाही.

याचा एक दाखला परदेशातला आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत पिस्तुलाचा परवाना मागणाऱ्याला बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते केंद्रीय तपास संस्थेकडे, म्हणजे एफबीआयकडे जातात. ठसे पुसट म्हणून नाकारले गेले तर अर्जदाराला पुन्हा बोलावून नव्याने घेतात. दुसऱ्यांदाही नाकारले गेले तर अर्ज पाठवणारे खाते एफबीआयला नावावरून नोंदी तपासण्याची विनंती करू शकते. म्हणजे जिथे हातात हत्यार द्यायचे आहे, तिथेसुद्धा ‘ठसा उमटत नाही’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मग महिन्याच्या ५ किलो धान्यासाठी ती का संपावी?

आपल्या देशातही ती संपत नाही. नियमांत पर्याय आहेत. अडचण ही की ते खिडकीपलीकडच्या माणसाला अनेकदा माहीत नसतात, किंवा तो सांगत नाही. २०१८ मध्ये आधार खटल्याच्या सुनावणीत आधार प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते की सरकारी सेवांमध्ये ओळख जुळण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरातून बारा वेळा नकार. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले होते की नेटवर्क नसल्याने किंवा ठसा पुसट असल्याने जुळणी झाली नाही, तरी पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये. आधार कार्ड पाहून धान्य द्यावे आणि अशा वाटपाची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. खिडकीवर बोलताना ही गोष्ट आवाज न चढवता, पण ठामपणे सांगावी.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, अंगठाच लागतो असे नाही. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात. अंगठा जुळला नाही तर दुसरे बोट, दुसरा हात लावून पाहावा. कष्ट करणाऱ्या हातात अनामिका आणि करंगळी अनेकदा कमी झिजलेल्या असतात. जे बोट जुळते ते घरातल्यांनी लक्षात ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी दादीजानला दहा वेळा बोट दाबावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट, हात आणि काच. हात धुऊन कोरडे करावेत. बोट फार कोरडे असेल तर किंचित ओलसर करावे, फार ओले असेल तर पुसावे. मशीनची काच कापडाने पुसायला सांगावे. बोट जोरात दाबू नये, सपाट आणि स्थिर ठेवावे. ठसे द्यायला जायच्या आधी काही दिवस रात्री झोपताना बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल लावले तर भेगा भरून येतात. मात्र मशीनवर तेलकट बोट ठेवू नये.

तिसरी गोष्ट, मशीनवर कोणता कोड आला ते विचारावे. ३०० आला तर ठसा जुळला नाही. ३३० आला तर आधारधारकाचे ठसे ‘लॉक’ केलेले आहेत. मुलाने मोबाईलवर सुरक्षेसाठी लॉक लावलेले असते आणि अब्बा इकडे रांगेत बोट घासत बसतात, असेही होते. लॉक उघडले की काम होते.

चौथी गोष्ट, बोटाशिवायचे मार्ग. रेशनकार्डावरील कोणत्याही एका सदस्याचा ठसा जुळला तरी संपूर्ण कुटुंबाचे धान्य मिळते. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला असेल तर त्यावर येणारा ओटीपी चालू शकतो. जिथे यंत्र आहे तिथे डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते. घरात फक्त एकटे वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर त्यांच्या वतीने धान्य आणणारी व्यक्ती नेमण्यासाठी रेशन कार्यालयात अर्ज करावा.

निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आहे. साध्या स्मार्टफोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घेतली की घरबसल्या दाखला देता येतो. नातवाला यात दहा मिनिटेही लागत नाहीत. ज्यांना हेही जमत नाही, त्यांच्यासाठी बँकेत जाऊन कागदी दाखला देण्याचा मार्ग आजही खुला आहे.

बँकेच्या शाखेत मशीन चालले नाही तर पैसे काढण्याची साधी स्लिप मागावी. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर हाताच्या अंगठ्याचा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्या दोघांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

वरचेवर नकार येत असेल तर मूळ नोंदच जुनी झाली आहे असे समजावे आणि आधार केंद्रावर जाऊन ठसे, बुबुळे आणि फोटो नव्याने द्यावेत. मुलांच्या बाबतीत तर ५ आणि १५ वर्षे पूर्ण झाल्यावर हे करावेच लागते. ते राहून गेले की परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या ऐन वेळी अडचण येते. केंद्रावर ‘तुमचे ठसे येत नाहीत, आधार होणार नाही’ असे सांगितले तर मागे फिरू नये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की ठसे देऊ न शकणाऱ्याचे आधार फक्त बुबुळांवरून काढता येते, आणि दोन्ही देता येत नसतील तर दोन्हींशिवायही नोंदणी होते. बोटे नसलेल्या किंवा ठसे, बुबुळे देऊ न शकणाऱ्या सुमारे २९ लाख लोकांना आधार दिल्याचे सरकारनेच तेव्हा सांगितले होते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पासपोर्टसाठी बोटांचे ठसे घेतले जातात आणि अनेक देशांच्या व्हिसासाठीही. ब्रिटनच्या व्हिसासाठी बोटांवर मेहंदी, जखम किंवा कापलेले नसावे, असे स्पष्ट सांगितलेले आहे. घरात निकाह असेल आणि दुल्हनचा व्हिसाही पाठोपाठ करायचा असेल, तर तारीख पाहूनच बोटांच्या टोकांपर्यंत मेहंदी काढावी.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ‘जुळले नाही, पुन्हा लावा, अजून एकदा लावा’ असे म्हणत बोट दाबून घेणारा प्रत्येक जण प्रामाणिक असतोच असे नाही. आधारवरून बँकेतले पैसे काढता येतात. म्हणून दर वेळी बोट कशासाठी लावतो आहोत ते विचारावे आणि पावती मागावी. आपले आधार मागच्या सहा महिन्यांत कुठे-कुठे वापरले गेले, याची यादी आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. बँकेच्या व्यवहारांची गरज नसेल तेव्हा ठसे लॉक ठेवणेही चांगले, फक्त घरात सगळ्यांना ते सांगून ठेवावे.

एवढे करूनही धान्य नाकारले, तर दुकानदाराशी वाद घालत बसू नये. तारीख, दुकानाचा क्रमांक आणि मशीनवर आलेला कोड कागदावर लिहावा. १९६७ वर रेशनची आणि १९४७ वर आधारची तक्रार नोंदवावी. मग तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी असतो, आणि हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूदही याच कायद्यात आहे. तोंडी तक्रार हवेत विरते. पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

आणि शेवटी घरातल्या जवान मुला-मुलींना एवढेच सांगू. ज्या हातांनी तुम्हाला वाढवले, त्या हातांच्या रेषा त्या कामातच झिजल्या आहेत. दादीजान रिकामी पिशवी घेऊन परत आल्या तर ‘उद्या पुन्हा जा’ असे म्हणू नका. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत जा, कोणते बोट जुळते ते पाहा, आणि मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला आहे का ते याच आठवड्यात तपासून घ्या.