खड्याची साखर

शिरूर तालुक्याचा घोडगंगा कारखाना न्हावऱ्याला, दौंडचा भीमा पाटसला. आणि भीमेकाठच्या राहू-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी. ऊस एकच, मागणारे दोघे. कारखान्याची तोड लांबली की मोळ्या गुऱ्हाळाकडे वळतात.

मराठीत या दोघांच्या मालाची कुळंही वेगळी. साखर संस्कृत ‘शर्करे’तून आली, गूळ ‘गुड’ म्हणजे गोळ्यातून. इंग्रजीतल्या ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ मात्र सख्ख्या बहिणी.

शर्करा म्हणजे मुळात खडा, वाळूची कच. उसाच्या रसाचे दाणे पाडता आले, तेव्हा त्यांना खड्यांचंच नाव मिळालं. (म्हणजे खडीसाखर ही खड्यांची खडी झाली!) पालीत ती ‘सक्खरा’, ग्रीकमध्ये ‘साक्खारोन’. पण इंग्रजीपर्यंत पोचली ती इराणची वाट: फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’. अरबांनी सिसिली-स्पेनपर्यंत ऊस लावला आणि उसामागून शब्द गेला. लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, फ्रेंचमध्ये ‘सुक्र’, मग ‘शुगर’. मधल्या ‘क’चा इंग्रजांनी ‘ग’ का केला, याचा पत्ता कोशकारांनाही लागलेला नाही.

जॅगरी समुद्रमार्गे गेली. केरळात गुळालाच ‘शर्करा’ किंवा ‘चक्करा’ म्हणतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी त्याचं ‘जागरा’ केलं आणि त्यांच्याकडून ते इंग्रजांनी उचललं. एका गुऱ्हाळवाल्याला ही बहिणींची गोष्ट सांगितली. काहिलीवरची मळी काढणाऱ्या माणसावरची नजर न हलवता तो म्हणाला, “मंग भाव बी येकच करा म्हनावं की!”

आपली खांडही मागे राहिली नाही. संस्कृत ‘खंड’ फारसी-अरबीत ‘कंद’ झाला आणि फ्रेंचमार्गे ‘कँडी’. १८७९ मध्ये डांबरातल्या द्रव्यांवर काम करताना एक भलताच गोड पदार्थ हाती लागला, त्यालाही नाव मिळालं ‘सॅकरिन’. ज्यांची साखर डॉक्टरांनी बंद केली, त्यांच्या गोळीवरही शर्करेचाच शिक्का. आयुर्वेदाने मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांना तिथे अजून शर्कराच म्हणतात.